कोमातल्या पेशंटचा ईईजी : रिपोर्टच्या तळाशी 'प्रोग्नोसिस पुअर' लिहावं का?

अतिदक्ष
हृदय बंद पडलं, सीपीआरने परत सुरू झालं, पण पेशंट शुद्धीवर नाही. अशा पेशंटचा ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) नाशकात आता बऱ्याच आयसीयूंमध्ये निघतो. मुंबई नाक्यापासून आडगावपर्यंत पद्धत साधारण सारखीच: मशीन बेडपाशी येतं, अर्धा तास नोंद होते, संध्याकाळी रिपोर्ट. तळाशी एक ओळ, 'प्रोग्नोसिस पुअर', म्हणजे पुढे सुधारणेची आशा कमी. नातेवाईक वरचं काही वाचत नाहीत, एवढीच ओळ वाचतात आणि पेशंटला घरी न्यायला गाडी बोलवतात.

माझं मत : मेंदूच्या लहरी वाचणाऱ्याने ही ओळ लिहूच नये. आठव्या तासाला प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चालू असताना दिसलेली बर्स्ट सप्रेशन (दबलेल्या नोंदीत मधेमधे उसळी) आणि चाळिसाव्या तासाला सगळी औषधं बंद असताना दिसलेली बर्स्ट सप्रेशन कागदावर हुबेहूब सारखी दिसते, अर्थ मात्र पार वेगळा. रिपोर्टात हवं ते असं : ठोके परत आल्यापासून किती तास झाले, शरीराचं तापमान, कोणतं औषध किती वेगाने चालू किंवा कधी बंद केलं, कोणती उद्दीपनं दिली, बॅकग्राउंड (मूळच्या लहरी) किती मायक्रोव्होल्ट. पुढचं भाकीत बेडपाशी उभ्या असलेल्या टीमने करावं.

ज्यांच्याकडे चोवीस तासांचं मॉनिटरिंग नाही त्यांनी आपलं मत इथे जरूर लिहा.

गोदाकाठचा_न्यूरो
अर्धं मान्य. तास आणि औषधं नसलेला रिपोर्ट मी वाचतच नाही, फॉर्म परत पाठवतो. पण भाकिताची जबाबदारी वाचणाऱ्याने झटकू नये. 'अतिशय वाईट' म्हणावेत असे पॅटर्न मोजकेच आहेत, आणि त्यांची मोजमापं अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने ठरवून दिली आहेत. सगळी नोंद १० मायक्रोव्होल्टच्या खाली असेल तर सप्रेशन. नोंदीचा ५० ते ९९ टक्के भाग दबलेला आणि मधेमधे उसळी, तर बर्स्ट सप्रेशन. १० ते ४९ टक्के दबलेला असेल तर ती फक्त डिसकंटिन्युअस. तिला बर्स्ट सप्रेशन म्हणून टाकलं की पेशंट एका फटक्यात वाईट गटात जातो. पट्टी लावून मोजा, नजरेने नको.

२०२१ च्या युरोपियन गाइडलाइननुसार हे पॅटर्न २४ तासांनंतरचेच धरायचे, आणि तेही एकटे नाहीत. ७२ तासांनंतर मोटर स्कोअर (हालचालीच्या प्रतिसादाचे गुण, १ ते ६) ३ किंवा कमी असेल, तर पुढच्यांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात : दोन्ही बाहुल्यांचा आणि कॉर्नियाचा रिफ्लेक्स नाही, एसएसईपीमध्ये (मनगटाच्या नसेला झटका देऊन सिग्नल मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी) दोन्ही बाजूंचा एन-२०, म्हणजे मेंदूवरचा सिग्नल, नाही, अतिशय वाईट ईईजी, ४८ किंवा ७२ तासांना एनएसई (मेंदूच्या इजेनंतर रक्तात वाढणारा घटक) ६० च्या वर, पहिल्या ७२ तासांत स्टेटस मायोक्लोनस (अंगाला सतत झटके), सीटी किंवा एमआरआयमध्ये सर्वदूर इजा. म्हणून मी लिहितो, 'हा पॅटर्न वाईट गटात मोडतो, एकट्याच्या जोरावर निर्णय नको.' दोन वाक्यांना शाई किती लागते?

चकतीवाला
वाचण्याआधी नोंद नीट हवी ना! टेक्निशियनच्या बाजूने लिहितो.

टेप लावा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत समजा ३६ सेंमी भरलं, तर पहिली खूण ३.६ वर आणि पुढच्या प्रत्येकी ७.२ च्या अंतराने. अंदाजाने लावलेल्या इलेक्ट्रोडमुळे (डोक्याला लावायच्या चकत्या) डाव्या-उजव्या बाजूत जो फरक दिसतो त्याला लोक मेंदूतली गाठ समजतात.

आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल असतं. त्यावर पेस्ट थापली तर इम्पिडन्स (त्वचेवरचा विद्युत अडथळा) २०-३० किलोओहमच्या खाली येत नाही. आधी शाम्पू. आयसीयूत ते शक्य नसेल तर स्पिरिटचा बोळा दोनदा, मग कोरडं करून खरखरीत जेलने घासा, मग पेस्ट, वर गॉजचा तुकडा आणि मायक्रोपोअर. ५ च्या खाली आणा, फारच झालं तर १०. आणि सगळे इलेक्ट्रोड एकमेकांच्या जवळपास हवेत. एक २ वर आणि दुसरा १८ वर असेल तर ५० हर्ट्झचा (विजेच्या पुरवठ्याचा) गुणगुणाट घुसलाच म्हणून समजा.

मागचे दोन, ओ-१ आणि ओ-२, उशीवर दाबले जातात. प्रत्येक श्वासाबरोबर डोकं हलतं आणि तिथे सुंदर डेल्टा (संथ लहरी) दिसतो. तो डेल्टा उशीचा. मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, डोकं जरा अधांतरी राहू द्या.

मिसळप्रेमी_पंचवटी
खोबरेल तेलाने इम्पिडन्स वाढतो हे आज कळलं. मिसळीच्या तर्रीने किती वाढेल?

चकतीवाला
तर्रीत मीठ असतं, वहन बरं होईल. तरी प्रयोग करू नका.

अर्थिंग_आबा
चकतीवाले, ५० हर्ट्झचा सगळा दोष इम्पिडन्सवर ढकलू नका. आयसीयूत पेशंटभोवती मॉनिटर, दोन-तीन सिरिंज पंप, एअर बेडची मोटर, व्हेंटिलेटर, वॉर्मर. नोच फिल्टर (५० हर्ट्झ गाळणारा) लावून गप्प बसण्याआधी एकेक वस्तू पाहा. एअर बेडची मोटर पाच मिनिटं बंद करता येते. मोटाराइज्ड बेडचा प्लग काढता येतो. पंपाला बॅटरी असते, तोवर तो बॅटरीवर चालवा. पंप बंद मात्र करू नका, त्यात रक्तदाब टिकवणारं नॉरअॅड्रेनालिन असेल! पेशंटला अर्थिंग एकाच ठिकाणाहून द्या. दोन उपकरणांची दोन अर्थिंग जोडली की लूप तयार होतो, आणि तो सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट.

व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी हलतं तेव्हा ठेक्यात लहरी येतात, अगदी फिट आल्यासारख्या. नळी रिकामी करा, पॅटर्न गायब. छातीची फिजिओ चालू असतानाही तेच. म्हणून व्हिडिओ चालू ठेवा, आणि व्हिडिओ नसेल तर टेक्निशियनने प्रत्येक गोष्ट नोंदीवर लिहावी : सक्शन, कूस बदलली, फिजिओ आला.

एक उलट बाजू. पूर्ण सपाट दिसणारी नोंद आली तर आधी प्रत्येक इलेक्ट्रोडवर बोटाने टिचकी मारून पाहा. टिचकी दिसली नाही तर दोष मशीनचा किंवा वायरचा. पेस्ट पसरून दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले गेले की तिथली रेघ सरळ येते. म्हणून इम्पिडन्स फार कमी, म्हणजे १०० ओहमच्या खाली, आला तरी शंका घ्या.

सिस्टरताई
औषधांबद्दल. फॉर्मवर 'मिडाझोलाम (गुंगीचं औषध) चालू' असं लिहून भागत नाही. पंपाचा वेग, डायल्युशन, शेवटचा बोलस (एकदम दिलेला डोस) कधी. सक्शनआधी किंवा सीटीला नेताना दिलेला २ मिलिग्रॅमचा बोलस चार्टवर बऱ्याचदा चढत नाही, कारण तो पंपातून नाही, हातातल्या सिरिंजमधून जातो. ईईजी वाचणाऱ्याला तो कळणार कसा?

आणि औषध 'बंद' म्हणजे पंप बंद. शरीरातून गेलं असं नाही. किडनी काम करत नसेल तर मिडाझोलामचा पुढचा पदार्थ साचत राहतो आणि त्यालाही गुंगीचा गुण असतो.

अतिदक्ष
ताई, हाच मुद्दा. मिडाझोलामचं हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) निरोगी माणसात दोन ते सहा तास, म्हातारपण आणि लिव्हर-किडनी बिघडलेली असेल तर कितीतरी जास्त. किमान पाच हाफ लाइफ थांबा असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडच्या अरेस्टनंतरच्या (हृदय बंद पडून गेलेल्या) बऱ्याच पेशंटना किडनीचा त्रास असतो, त्यामुळे 'काल सकाळी बंद केलं' यावर विसंबू नका. थायोपेन्टोन (शरीरात बराच काळ राहणारं गुंगीचं औषध) दिलं असेल तर काही दिवस ईईजीवरून काही बोलूच नये. पेशंटला थंड ठेवलं असेल तर औषध बाहेर पडायला आणखी वेळ.

निफाडकर
वरची सगळी चर्चा हृदय बंद पडलेल्या पेशंटची चालली आहे. नाशिक जिल्ह्यात कोमाची आणखी दोन कारणं रोजची आहेत, त्यांना हे आकडे लावले तर अनर्थ होईल.

एक, मण्यार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. जागेवर सूज नाही, खूण दिसेलच असं नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटतात आणि श्वास थांबतो. व्हेंटिलेटरवर आल्यावर बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हलत नाहीत, डोळे फिरत नाहीत, चिमटा काढला तरी हालचाल नाही. ब्रेन डेथच वाटावी. पण विष नसा-स्नायूंच्या जोडावर बसलेलं असतं, मेंदूवर नाही. श्वास वेळेवर सांभाळला गेला असेल तर अशा पेशंटचा ईईजी काढा : अल्फा रिदम (जाग्या माणसाची डोळे मिटल्यावरची लय), पापणी हाताने उघडली की तो मोडतो. म्हणजे पेशंट जागा आहे आणि आपण बेडपाशी काय बोलतोय ते ऐकतो आहे. आठवडा-दोन आठवड्यांत हे लोक चालत घरी जातात. इथे ईईजी भविष्य सांगत नाही, आत्ता आत कोण जागं आहे ते सांगतो. वेदनाशामक आणि झोपेचं औषध द्यायलाच हवं हेही त्यावरूनच कळतं.

दोन, ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. द्राक्षपट्ट्यात काय काय फवारलं जातं ते सांगायला नको. विषाने बाहुली टाचणीएवढी होते, उतारा म्हणून दिलेल्या अॅट्रोपिनने मोठी. म्हणजे बाहुलीवरून काही ठरवायचंच नाही. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान इंटरमीजिएट सिंड्रोम आला की मान, दंड, मांड्या आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, मोटर स्कोअर पडतो. त्यात फिटसाठी मिडाझोलाम चालू. या पेशंटवर ७२ तासांचा नियम चालवणं चूक.

गोदाकाठचा_न्यूरो
निफाडकर, दंडवत. यात भर : लिव्हर, किडनी बिघडल्यावरच्या ट्रायफेसिक (तीन टप्प्यांच्या) लहरी. दिसायला भयानक, पण कारण दुरुस्त होण्यासारखं असतं. डायलिसिसच्या पेशंटला सेफेपाइम हे अँटिबायोटिक किडनीच्या हिशेबाने कमी न करता दिलं की ईईजी थेट स्टेटससारखा (न थांबणाऱ्या फिटसारखा) दिसतो. औषध बदला, डायलिसिस करा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा.

आणि अल्फा दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. अरेस्टनंतर सगळीकडे, विशेषतः पुढच्या भागात, एकसारखा अल्फा आणि उद्दीपनाला प्रतिसाद शून्य, तर तो अल्फा कोमा, वाईट. तोच अल्फा मागच्या भागात आणि डोळे उघडल्यावर बदलणारा असेल तर पॉन्समध्ये स्ट्रोक झालेला लॉक्ड-इन पेशंट (शुद्धीत, पण अंग हलवता न येणारा) शोधा.

रेघोट्या
ते उद्दीपन म्हणजे नक्की काय करायचं? आमच्याकडे कुणी टाळी वाजवतं, कुणी नखावर पेन दाबतं, कुणी काहीच करत नाही आणि रिपोर्टात 'नॉन-रिअॅक्टिव्ह' येतं.

चकतीवाला
काहीच केलं नाही तर 'तपासलं नाही' असं लिहायचं, 'नॉन-रिअॅक्टिव्ह' नाही. क्रम ठरवून घ्या. आधी अर्धा मिनिट शांत नोंद. मग टाळी. मग दोन्ही कानांपाशी नाव. मग पापण्या हाताने उघडणं. मग नाकपुडीत कापसाची काडी. शेवटी वेदना : नखाच्या मुळावर दाब, दोन्ही हातांना, आणि भुवईच्या हाडावरही. मानेच्या मणक्याला इजा असेल तर हाताची वेदना वर पोचतच नाही, म्हणून चेहऱ्यावरची हवीच. प्रत्येक गोष्ट दहा सेकंद, मध्ये अर्धा मिनिट, सगळं निदान दोनदा. प्रत्येक वेळी मशीनवर खूण.

नाव हाक मारताना केसपेपरवरचं नाव नको. घरी 'अण्णा' म्हणत असतील तर 'अण्णा', आणि शक्यतो घरच्याच माणसाला हाक मारायला लावा. बागलाण, मालेगावकडचं कुटुंब असेल तर अहिराणीत बोलू द्या. ऐकायचं मशीन पिशवीत पडलेलं असतं ते आधी कानात घाला.

गोदाकाठचा_न्यूरो
मोजताना : लहरींची उंची किंवा वेग बदलला तरच प्रतिसाद. कपाळाचा स्नायू आखडला किंवा पापणी लवली तर तो ईईजीचा प्रतिसाद नव्हे. उद्दीपनाने फक्त ठेक्यातले स्पाइक (टोकदार लहरी) सुरू झाले तर तेही यात धरत नाहीत. यावर दोन वाचणाऱ्यांचं एकमत फारसं होत नाही, म्हणून 'प्रतिसाद नाही' एवढ्याच आधारावर वाईट भाकीत करू नये. प्रतिसाद आहे, बॅकग्राउंड सलग आहे, व्होल्टेज बरं आहे आणि हे पहिल्या २४ तासांत दिसतंय, तर ते चांगलं चिन्ह. लोक ईईजीला फक्त वाईट बातमी देणारा समजतात. आयसीयूत त्याचा खरा उपयोग 'थांबा, घाई नको' हे सांगण्यासाठी जास्त.

आकडेमोड
'या पॅटर्नमध्ये चूक शून्य टक्के' असं वाचलं की पेशंट किती होते ते विचारा. १०० पेशंटमध्ये एकही चूक नसेल तरी खरा चुकीचा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३० पेशंट असतील तर १० टक्क्यांपर्यंत. साधा नियम, ३ भागिले पेशंटची संख्या.

दुसरं, अभ्यासातल्या डॉक्टरांनी ईईजी पाहूनच उपचार थांबवले असतील तर पेशंट दगावणारच आणि ईईजी बरोबर ठरणारच. आपल्याकडे व्हेंटिलेटर रीतसर काढणं दुर्मीळ. त्याऐवजी 'घरी नेतो' म्हणून सही होते. आकड्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच.

वैद्यकीय_वगळ
अवांतर : मोटारसायकलवरून पडलेल्यांचं काय? मुंबई-आग्रा हायवेवरून येणारे सगळे तेच.

अतिदक्ष
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. डोक्याच्या मारात वरचे नियम लावायचे नाहीत. तिथे वय, मोटर स्कोअर, बाहुल्या आणि सीटी हेच मुख्य. शुद्धीवर यायला आठवडे, कधी महिने लागतात. तिथे ईईजी लपलेल्या फिट शोधायला. कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूच्या लहरी उंच आणि टोकदार दिसतात, त्याला फिट समजू नका. टाळूला सूज असेल तर उलट लहरी बुटक्या. दोन्ही बाबी फॉर्मवर लिहा.

रेघोट्या
आणि अरेस्टनंतर अंगाला झटके येत असतील तर? सगळे म्हणतात झटके म्हणजे संपलं.

गोदाकाठचा_न्यूरो
नाही. झटक्यांच्या मागची नोंद पाहा. मागे सप्रेशन आणि झटक्याबरोबर एकेक उसळी, तर वाईट. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या गटाने दाखवलं की प्रत्येक उसळीचा पहिला अर्धा सेकंद छापल्यासारखा सारखाच असेल तर त्या पेशंटचा निकाल वाईटच लागला. पण बॅकग्राउंड सलग असेल आणि मध्यरेषेवर झटक्याला जोडून बारीक स्पाइक येत असतील, तर तो लान्स-अॅडम्सच्या (शुद्ध आल्यावरही झटके राहणारा आजार) दिशेने जाणारा पेशंट, शुद्धीवर येऊ शकणारा. झटके थांबवायला अॅट्राक्युरियम (स्नायू ढिले करणारं औषध) दिलं तर अंग थांबेल, ईईजी स्वच्छ दिसेल. नोंदीपुरतं द्या, गुंगी चालू असतानाच द्या, आणि फॉर्मवर लिहा. नाहीतर कुणीतरी मोटर स्कोअर १ मांडून मोकळं होईल.

ठेक्यात येणाऱ्या स्पाइकवर फिटची औषधं ओतून किती फायदा? २०२२ च्या टेलस्टार ट्रायलमध्ये १७२ पेशंट होते. जोरदार उपचार केलेल्यांत ९० टक्के आणि न केलेल्यांत ९२ टक्के निकाल वाईट. फरक नाही म्हणावा इतका कमी.

हळदीकुंकू
सलग ईईजी नसेल तर अर्ध्या तासाच्या नोंदीत भागतं का?

अतिदक्ष
भाकितासाठी बऱ्यापैकी भागतं, दोनदा काढली तर. स्वित्झर्लंडच्या सर्टा ट्रायलमध्ये सलग नोंद विरुद्ध दोन छोट्या नोंदी अशी तुलना होती. सलग नोंदीत फिट जास्त सापडल्या, मृत्युदरात फरक पडला नाही. म्हणून एक नोंद पहिल्या २४ तासांत, दुसरी ४८ ते ७२ मध्ये, गुंगी बंद केल्यावर. मशीन एकदाच येऊ शकत असेल तर नंतरची निवडा.

फाइल मुंबई-पुण्याला वाचायला पाठवता तेव्हा पूर्ण नोंद पाठवा. स्क्रीनचे चार फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून वाचणाऱ्याला मायक्रोव्होल्ट मोजता येत नाहीत, मोंटाज (इलेक्ट्रोडच्या जोड्यांची मांडणी) बदलता येत नाही.

कायद्याचं_बोला
एक गफलत इथेच दूर करा. ब्रेनस्टेम डेथ आणि 'प्रोग्नोसिस पुअर' या वेगळ्या गोष्टी. पहिलीसाठी १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा, चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, अॅप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढून स्वतःचा श्वास येतो का ते पाहणं). ईईजी सक्तीचा नाही. दुसरीत उपचार थांबवायचे असतील तर सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मधली त्याची दुरुस्ती : प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं, नातेवाइकांची संमती, सगळं लेखी. रिपोर्टातल्या एका ओळीवर यातलं काहीच उभं राहत नाही.

रेघोट्या
हालचाल नसलेल्या पेशंटला 'हात उघडा-मिटा' सांगून ईईजीवर बघतात, त्याबद्दल कुणी लिहील का?

आकडेमोड
२०१९, न्यूयॉर्क. १०४ पेशंट, सूचनेला बाहेरून काहीच प्रतिसाद नाही. १६ जणांच्या लहरी सूचनेबरोबर बदलत होत्या. वर्षानंतर त्यांच्यातले ४४ टक्के निदान आठ तास स्वतःचं स्वतः सांभाळू शकत होते, बाकीच्यांत १४ टक्के. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात, ईईजी किंवा एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा एमआरआय) धरून, असे २४१ पैकी ६०. पण तिथे नोंदीवर कॉम्प्युटरचं गणित लागतं, डोळ्यांनी दिसत नाही. आणि प्रतिसाद सापडला नाही म्हणजे आत कोणी नाही, असं मुळीच नाही.

सिस्टरताई
एसएसईपीबद्दल कुणी बोलत नाही. नाशकात कमी ठिकाणी होतं म्हणून?

चकतीवाला
होतं, पण घाईत होतं. मनगटावर मेडियन नर्व्हला झटका, अंगठा हलला पाहिजे. कॉलरबोनच्या वर एन-९, मानेत एन-१३, मग डोक्यावर एन-२०. खालचे दोन नसतील तर 'एन-२० नाही' म्हणायचा अधिकार नाही, सिग्नल वर गेलाच नाही. प्रत्येक बाजूला पाचशेच्या आसपास झटक्यांची सरासरी, दोनदा, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. यावर गुंगीचा परिणाम फार कमी, म्हणून मिडाझोलामच्या घोळात हाच आधार.

अतिदक्ष
मूळ प्रश्नाकडे येतो. गोदाकाठच्या न्यूरोंचं म्हणणं पटलं, पण एका अटीवर. पॅटर्नचा गट लिहा, 'पुअर' हा शब्द नको. मसुदा : 'ठोके परत आल्यापासून __ तास. तापमान __. गुंगीचं औषध __, वेग __, बंद केल्याची वेळ __, शेवटचा बोलस __. उद्दीपनं __. बॅकग्राउंड __ मायक्रोव्होल्ट, दबलेला भाग __ टक्के. गट : अतिशय वाईट / मधला / अनुकूल. पुढची नोंद __ तासांनी.'

गोदाकाठचा_न्यूरो
'क्रिएटिनिन' घाला. 'स्नायू ढिले करणारं औषध' घाला. आणि गटाच्या आधी 'कोमाचं कारण' हा रकाना. तिथे मण्यार किंवा विषबाधा असेल तर गटाचा रकाना आडवी रेघ मारून मोकळा सोडायचा.

निफाडकर
कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' हाही पर्याय ठेवा. पहाटे चार वाजता सुरगाण्याहून आणलेल्या पेशंटचं कारण कुणालाच माहीत नसतं, आणि तिथेच लोक सवयीने 'हायपॉक्सिक' लिहितात.

सिस्टरताई
बोलसची वेळ आम्ही भरू. पण फॉर्म मशीनबरोबर येऊ द्या, नंतर मागितला तर पहिल्या शिफ्टचं कुणी नसतं.